सोबतीची वही

१

रॉयस टिबेटच्या गादीखाली चाकू सापडला मंगळवारी सकाळी, आणि त्याची सुनावणी होती गुरुवारी दुपारी दोनला. तेवीस वर्षांत ज्या माणसाच्या नावावर साधी धक्काबुक्की नाही, त्याच्या गादीखाली सुनावणीच्या दोन दिवस आधी चाकू! आणि मला हे कळलं कधी, तर गुरुवारी सकाळी साडेआठला, तुरुंगाच्या पार्किंगमध्ये, वाऱ्याशी झगडत गाडीचं दार लावत असताना.

फोनवर होत्या मिसेस प्रॅथर, आमच्या राज्याच्या पॅरोल मंडळाच्या अध्यक्ष. मी त्याच मंडळाची चौकशी अधिकारी, व्हर्ना कोल्बी. सत्तावीस वर्षं हेच करतेय आणि अजूनही सकाळी सकाळी असे फोन आले की माझं डोकं फिरतं.

"व्हर्ना, दोन वाजायच्या आत मला सांग. चाकू त्याचा आहे की कुणी ठेवला?"

"तुरुंगाची शिस्त समिती कशाला आहे मग?"

"ती उद्या बसणार. आपण आज बसतोय. चाकू त्याचा असेल तर आम्ही नाही म्हणणार, दुसरा मार्ग नाही. आणि नाही म्हटलं की पुढची सुनावणी पाच वर्षांनी."

लोकांना वाटतं पॅरोल मंडळ म्हणजे दुसरं कोर्टच. छे! आम्ही निकाल फिरवत नाही, शिक्षा माफ करत नाही. शिक्षा तीच राहते. उरलेली आत काढायची की बाहेर, आमच्या नजरेखाली, एवढंच आम्ही ठरवतो. पाचांपैकी तीन सदस्य बसतात, दोन मतं मिळाली की माणूस सुटतो.

गाडीतच बसून मी फाइल चाळली. एकविसाव्या वर्षी रॉयसनं पेट्रोल पंपावरच्या माणसाला गोळी घातली, चाळीस वर्षांची शिक्षा झाली. मेलेल्याच्या बायकोला कायद्याप्रमाणे नोटीस गेली होती. तिचं एका ओळीचं उत्तर होतं: मी येणार नाही, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. आणखी एक कागद होता. गेल्या मार्चमध्ये रॉयसनं स्वतःच सुनावणी पुढे ढकलून घेतली होती, कारण दिलं होतं आजारपण. ही सवलत कैद्याला एकदाच मिळते, ती त्यानं वापरून टाकली होती.

काचेवर टकटक झाली. रॉयसची बहीण जोलीन. पन्नाशीची, रापलेली, हातात नव्या बुटांचा खोका.

"मॅडम, दहा नंबर आणलाय. पाय वाढतात का हो माणसाचे आत राहून?" तिनं विचारलं आणि मग माझं तोंड बघून तिचा आवाज पडला. "काय झालं?"

"दोन वाजता बघू," मी म्हटलं.

"अकरा वर्षं दर रविवारी येतेय मी. चार तास जायला, चार तास यायला. आई त्याची वाट बघत गेली. आज नाही झालं ना, तर मी परत येणार नाही. खरंच सांगते, दम नाही उरला माझ्यात."

आत गेले. सार्जंट डेल हॉस्किन्सनं प्लास्टिकच्या पिशवीतलं पातं माझ्यापुढे टाकलं.

"तुम्ही उगाच आलात, मॅडम," तो म्हणाला. "त्यानं कबूल केलंय. माझाच आहे म्हणतो."

२

हॉस्किन्स माणूस वाईट नाही, पण आळशी आहे, आणि आळशी माणसाला कबुलीजबाब फार आवडतो.

पातं म्हणजे कपाटाची बिजागरी सरळ करून केलेली पट्टी. एका टोकाला हिरव्या रेघारेघांच्या जाड कापडाची चिंधी गुंडाळलेली, मुठीसाठी. मी पिशवीवरूनच कडेवर अंगठा फिरवला.

"अहो, याला धारच नाही."

"घासायची राहिली असेल."

"याच्यानं लोणी तरी कापेल का?"

"मॅडम, नियमात धारेचं काही लिहिलेलं नाही."

ते खरंच होतं. "तुम्हाला गादीखाली बघायचं सुचलं कसं?"

त्यानं एक चिठ्ठी काढली. आत कैद्यांना काहीही हवं असलं, दाताचा डॉक्टर, जादा ब्लँकेट, की ते छापील चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकतात. प्रत्येक विभागाची पेटी वेगळी. या चिठ्ठीवर वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: एकशे चौदा नंबरच्या खोलीत खालची गादी बघा. सही नाही. कोपऱ्यात पेटीचा शिक्का होता, दवाखाना.

"चिठ्ठी दवाखान्याच्या पेटीत कशी?"

"आजारी माणसं काय लिहीत नाहीत होय? मला विचाराल तर हे मॅनीचं काम. त्याचा खोलीसोबती. वरच्या पलंगावर झोपून कंटाळलाय, खालचा हवाय त्याला."

"टिबेट सुटला असता तर त्याला तो आपोआप मिळाला असता."

हॉस्किन्सनं कान खाजवला. मी रॉयसला आणायला सांगितलं.

तो आला, खुर्चीच्या कडेवर बसला. चव्वेचाळीस वर्षांचा, मोठ्या हातांचा, कानशिलं पिकलेली. डोळे चार दिवस झोप न मिळाल्यासारखे लाल.

"चाकू माझा आहे, मॅडम."

"कशाला केला?"

"भीती वाटत होती."

"कुणाची?"

तो हाताची नखं खरवडायला लागला.

"बाहेर जोलीन बूट घेऊन उभी आहे."

त्याचा चेहरा असा झाला की मला माझीच लाज वाटली. पण तो म्हणाला तेवढंच: "लिहा ना मॅडम, माझा आहे म्हणून. पाया पडतो तुमच्या. लिहा आणि संपवा."

सत्तावीस वर्षांत माझ्यापुढे माणसांनी सुटण्यासाठी हात जोडलेत. आत ठेवा म्हणून हात जोडणारा हा पहिलाच होता.

३

मॅनी ओर्टेगाला मी खोलीतच गाठलं. तो पलंगावर पाय हलवत बसला होता आणि भलताच चिडला होता.

"मी ठेवला? मी? मॅडम, मला तर हा माणूस जायला हवा होता! त्याचा रेडिओ आहे, गरम पाण्याचं भांडं आहे, चांगले बूट आहेत."

"म्हणजे?"

"तुम्हाला माहीत नाही? इतकी वर्षं येताय आणि माहीत नाही? निघणारा माणूस वाटून जातो. सुनावणीच्या आठवड्यात सगळे येऊन बसतात दारात. रेडिओ कुणाला, स्वेटर कुणाला. पॅरोल मिळेल न मिळेल, पण वाटून ठेवायचं. नाहीतर अपशकुन होतो असं मानतात."

"आणि रॉयसनं काय वाटलं?"

"सुई नाही! मी विचारलं तर म्हणाला, राहू दे रे मॅनी. उलट सोमवारी कॅन्टीनमधून महिन्याभराची कॉफी भरली. हे बघा." त्यानं कपाट उघडून दाखवलं. कॉफीची पाकिटं, साबण, मऊ टूथब्रश, ओठांना लावायचं मलम.

"एवढं मलम कशाला?"

"पॉप्ससाठी. दवाखान्यातला म्हातारा, ओरव्हिल स्लोन. कॅन्सरनं चाललाय. इथं कुणी एकट्यानं मरू नये म्हणून काही कैदी आळीपाळीनं उशाशी बसतात ना, त्यातला हा. अहो, हा तर रोजच बसतो. जेवतोसुद्धा तिथंच."

मी कपाटाचं दार बंद करायला गेले तर ते हातातच आलं. खालची बिजागरी नव्हती.

"हे कधी तुटलं?"

मॅनी बिजागरीच्या रिकाम्या भोकांकडे बघत राहिला. "गेल्या आठवड्यापर्यंत धड होतं," तो हळूच म्हणाला. "मॅडम, म्हणजे चाकू खरंच त्याचाच की काय?"

४

दवाखान्याच्या टोकाला चार खाटांची खोली. नर्स बीअर्डन दारातच भेटली, मास्क बांधलेली.

"शनिवारपासून मंगळवार दुपारपर्यंत हा भाग बंद होता," तिनं सांगितलं. "फ्लू पसरला होता. कुणाला आत सोडलं नाही."

"कैदीही नाही?"

"फक्त रॉयस. त्यालाही मी नको म्हटलं होतं, पण पॉप्स सारखा दाराकडे बघायचा हो. मग दिला मास्क, म्हटलं बस बाबा. बाकी सोबतीवाला एकही आला नाही."

"पेटी उघडतात कधी?"

"शनिवारी भाग बंद करतानाच उघडली होती. मग एकदम मंगळवारी सकाळी."

म्हणजे चिठ्ठी त्या तीन दिवसांतच पडली होती. मी खाटांकडे बघितलं. दोन रोगी शुद्धीवर नव्हते. तिसऱ्याला दिसत नव्हतं. चौथा पॉप्स, ऐंशीच्या घरातला, हाडांचा सापळा, उजवा हात अर्धांगानं लुळा पडलेला. सहा आठवडे त्यानं जमिनीला पाय लावला नव्हता.

त्याच्या अंगावर कैद्यांनी शिवलेली गोधडी होती, रंगीबेरंगी तुकड्यांची. पायाकडचा एक तुकडा उसवून काढलेला. त्याच्या शेजारचा तुकडा हिरव्या रेघारेघांचा होता.

उशाशी खिळ्याला वही टांगली होती. सोबतीची वही. तारीख, वेळ, सोबत कोण. पानामागून पान एकाच हस्ताक्षरात एकच नाव: रॉयस टिबेट. आजच्या तारखेला संपेल म्हणून मी पान उलटलं. संपलं नाही. उद्या, परवा, पुढचा सोमवार, थेट पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्यानं आपलं नाव आगाऊ भरून ठेवलं होतं.

आज सुटण्याची आशा असलेला माणूस पुढच्या आठवड्याची पाळी कशी काय लावतो?

"नर्स, गेल्या मार्चमध्ये रॉयस आजारी होता?"

"रॉयस? त्याला कधी सर्दी झालेली आठवत नाही मला. मार्चमध्ये पॉप्सला न्यूमोनिया झाला होता. गेलाच म्हणून धरलं होतं आम्ही."

मी तिथल्या स्टुलावर बसले. बारा वाजले होते. चाकू कुणी ठेवला ते मला कळलं होतं, आणि कळलं नसतं तर फार बरं झालं असतं.

५

"दार लावा आणि बाहेर थांबा," मी हॉस्किन्सला म्हटलं. रॉयस समोर बसला होता.

"आता ऐक. बिजागरी तुझ्याच कपाटाची आहे. चिंधी पॉप्सच्या गोधडीची. धार तू काढली नाहीस, कारण कुणाला चुकून लागू नये. चिठ्ठी दवाखान्याच्या पेटीत पडली तेव्हा तिथं चालता येणारा कैदी एकच होता, तू. चिठ्ठी तूच लिहिलीस, डाव्या हातानं. तू स्वतःलाच पकडून दिलंस. मार्चमध्येही तू त्याच्यासाठीच सुनावणी ढकललीस. या वेळी ढकलता येत नव्हती, म्हणून हा उद्योग."

त्यानं नाकारलं नाही. तोंडावर दोन्ही हात दाबून तो रडायला लागला.

"अरे, सरळ पॅरोल नको म्हणायचं होतंस!"

"जोलीनला काय सांगू? मीच नको म्हटलं म्हणून? अकरा वर्षं ती येतेय, मॅडम. चाकू सापडला तर ते नशीब म्हणून सोसेल ती. मी नको म्हटलं असं कळलं तर मरेल."

"डॉक्टर म्हणतात म्हाताऱ्याचे दहाबारा दिवस उरलेत. दहा दिवसांसाठी पाच वर्षं?"

"मी बाहेर गेलो तर मला परत आत येता येईल का? भेटायला तरी?"

उत्तर त्याला ठाऊक होतं आणि मला तर पाठच होतं. पॅरोलवरच्या माणसानं कुठल्याही शिक्षा झालेल्या माणसाशी संबंध ठेवायचा नाही. ही अट मंडळ घालतं, मंडळ काढूही शकतं. पण तुरुंगाचं फाटक वॉर्डनचं, आणि वॉर्डन सुटलेल्या माणसाला वर्षभर आत घेत नाही.

"पहिल्या हिवाळ्यात मी चादर पिळून दोर केला होता," रॉयस म्हणाला. "पॉप्स शेजारच्या खोलीत होता. त्याला कसं कळलं देव जाणे. भिंतीतल्या हवेच्या जाळीतून बोलायला लागला. ट्रॅक्टरचा कार्ब्युरेटर कसा खोलायचा, एकेक स्क्रू. अकरा दिवस, मॅडम. स्वतः झोपला नाही, मला गप्प बसू दिलं नाही. मध्येच विचारायचा, आता कुठला भाग काढला सांग. मी सांगेपर्यंत पुढे जायचा नाही." त्यानं नाक पुसलं. "आता तो दाराकडे बघतोय आणि मी बाहेर बूट घालून फिरू?"

आता माझी पंचाईत बघा. खरं लिहिलं तरी चाकू त्यानंच बनवलेला. प्रेमानं बनवला म्हणून शस्त्राचं खेळणं होत नाही. आमच्या तिघांपैकी दोघं तर नक्कीच नाही म्हणणार. पाच वर्षं. आणि दहा दिवसांनी म्हातारा गेल्यावर हा आतच, जोलीन येणं बंद, कपाटात महिन्याची कॉफी.

दार वाजलं. हॉस्किन्स होता. "मॅडम, तो दवाखान्यातला म्हातारा तुम्हाला बोलवतोय. आत्ताच्या आत्ता म्हणतो. जबाब द्यायचाय त्याला."

६

पॉप्सचा आवाज कोरड्या पानांसारखा वाजत होता, पण डोळे लख्ख होते.

"ये पोरी, बस."

मी अठ्ठावन्न वर्षांची. पोरी ऐकून किती वर्षं झाली असतील!

"मघाशी तू माझ्या गोधडीकडे बघितलंस. मग वहीकडे. मग तुझं तोंड उतरलं. मी मेलेलो नाही अजून, दिसतं मला. बिजागरी, गादी, चिठ्ठी, सगळं कानावर आलंय माझ्या. चाकू त्यानंच ठेवला ना?"

"मला ते सांगता येणार नाही."

"सांगू नकोस. तुझं तोंड सांगतंय. गाढव लेकाचा!" त्याला खोकल्याची उबळ आली. मी पाणी धरलं. "आता लिही. चाकू मी ठेवायला लावला."

"पॉप्स..."

"लिही म्हणतो ना! मी, ओरव्हिल स्लोन. पोरगा सुटून गेला तर मी एकटा मरेन, मला भीती वाटली. म्हणून एकाकडून त्याच्या कपाटाची बिजागरी काढवली, गादीखाली ठेववली, चिठ्ठी टाकवली. कुणाकडून ते सांगणार नाही. आत कुणी कुणाचं नाव घेत नसतं, हे तुझ्या मंडळाला पटेल. पोरगा मला वाचवायला स्वतःवर घेतोय."

"हे खोटं आहे."

"खोटंच आहे."

"मंडळातली माणसं तुम्हाला हलकट म्हणतील. तेच कागदावर राहील."

"माझ्या कागदावर दोन खून आहेत, पोरी. त्यात आणखी एक ओळ." त्यानं डाव्या हातानं माझं मनगट पकडलं. त्या हातात एवढा जोर कुठून आला होता कोण जाणे. "आणि आजच बाहेर काढ त्याला. उद्या ती समिती बसली की दिलेला पॅरोलही परत घेतील. फाटकाबाहेर पाय पडेपर्यंत काही खरं नसतं."

"मग तुमच्याजवळ कोण?"

तो दाराकडे बघायला लागला. "ते बघू," म्हणाला.

दीड वाजला होता. मी आयुष्यात मंडळापुढे खोटा कागद ठेवला नव्हता. त्यासाठीच ओळखली जायचे मी, आणि त्याचा तोराही होता मला. मी जबाब लिहिला, त्याच्यासमोर धरला. त्यानं डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली.

७

दोन वाजता मिसेस प्रॅथरनी जबाब मोठ्यानं वाचला. दोन ओळी झाल्या नाहीत तोच रॉयस उभा राहिला.

"खोटं आहे! मॅडम, खोटं आहे ते! मीच केलंय सगळं. पॉप्सला उठतासुद्धा येत नाही, तो कसा करेल? मीच!"

"बसा, मिस्टर टिबेट."

"तुम्ही सांगा ना त्यांना!" तो माझ्याकडे वळला. "तुम्हाला माहितेय! सांगा!"

मिसेस प्रॅथरनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मिस कोल्बी? तुमचं मत?"

"जबाब माझ्यासमोर दिलाय," मी म्हटलं. "मला तो विश्वासार्ह वाटतो."

"नाही! नाही हो!" रॉयस टेबलावर मुठी आपटायला लागला, पहारेकऱ्यांनी त्याला खांद्याला धरून बसवलं. आणि तो जसजसा खरं ओरडत होता, तसतसे सदस्यांचे चेहरे मऊ होत होते. डावीकडचे गृहस्थ, जे सहसा कुणालाच हो म्हणत नाहीत, त्यांनी रुमाल काढला.

"ज्यानं गळा कापायची व्यवस्था केली त्यालाच हा वाचवतोय," ते पुटपुटले. "आणखी कसला पुरावा हवा?"

तीन विरुद्ध शून्य. मी विनंती केली, सुटका आजच व्हावी. बहिणीच्या घराची तपासणी गेल्या महिन्यातच झाली होती, कागद तयार होते. मिसेस प्रॅथरनी सही केली.

साडेतीनला दोघांनी त्याला फाटकापर्यंत जवळजवळ ओढत आणलं. पलीकडे जोलीन होती, बुटांचा खोका छातीशी धरून, रडत आणि हसत. त्यानं तिला बघितलं आणि तो माझ्याकडे वळला.

"पॉप्सला एकदा भेटू द्या," तो मला म्हणाला. "पाच मिनिटं. तुम्ही मंडळाच्या ना? तुमच्या हातात आहे सगळं."

"माझ्या हातात काही नाही, रॉयस."

"तो एकटा आहे हो!"

"नाही," मी म्हटलं. "जा तू."

मी वळले आणि परत आत गेले. ओळखपत्र राज्याचं, मला कुणी अडवलं नाही. पॉप्स जागा होता.

"गेला?"

"गेला."

"बूट बसले का? बहीण आणणार होती म्हणाला होता."

"बसले," मी म्हटलं. मी बघितलं नव्हतं. आता एकदा सवय लागली होती.

मी स्टूल ओढून बसले. तो म्हणाला, "बोल काहीतरी. गप्प नको बसूस."

मला ट्रॅक्टरमधलं ओ की ठो कळत नाही. पाठ होतं ते एकच. मी सुरू केलं. "मंडळाची कर्तव्यं आणि अधिकार. कलम एक. मंडळात पाच सदस्य असतील, नेमणूक राज्यपाल करतील."

तो हसला, खोकला, पुन्हा हसला. "बापरे! चालू दे."

रोज कामावरून सुटले की जायचे. शनिवार-रविवार दिवसभर. नियम म्हणत जायचे, सुनावणी कशी घ्यायची, नोटीस कुणाला द्यायची, अटी कुठल्या घालायच्या, कुठल्या काढायच्या. मध्येच थांबून मी विचारायचे, आता कुठल्या कलमावर आहोत? तो बोटं वर करायचा. अकराव्या दिवशी, रविवारी दुपारी, मी विचारलं तेव्हा बोटं वर झाली नाहीत.

नर्स बीअर्डननं डोळे मिटले, घड्याळ बघितलं आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. मरणाच्या वेळी सोबत कोण होतं ते तिथं लिहावंच लागतं.

मी ती तारीख शोधली. त्या रकान्यात त्यानं आधीच आपलं नाव लिहून ठेवलं होतं, रॉयस टिबेट. मी ते खोडलं नाही. पुढे वेळ लिहिली आणि वही परत खिळ्याला टांगली.